काउंटरवरचं उत्तर

किल्ल्यांच्या फळीला अठ्ठावीस खिळे होते. आठ जूनच्या दुपारी दोन वाजता त्यांतल्या बावीस खिळ्यांवर किल्ल्या होत्या, सहा खिळे मोकळे. काउंटरवर दोन रजिस्टरं, एक टेलिफोन, एक पितळी घंटी, तुतीच्या सरबताच्या पाच बाटल्या आणि स्ट्रॉबेरीच्या गोळ्यांची एक बरणी, तिच्यात एकोणीस गोळ्या. छताला चार दिवे. भर दुपारी चारही लावलेले होते, कारण पाचच दिवसांपूर्वी हॉटेलच्या अख्ख्या पश्चिम अंगावर निळा कागद चढला होता आणि तेव्हापासून आत सगळं विहिरीच्या तळाशी असल्यासारखं दिसत होतं.

घंटी वाजली. मी समोरच उभी होते.

"मी इथंच आहे, काकू," मी म्हटलं.

"दिसतंय की. पण घंटी ठेवलीय तर वाजवून बघावी म्हटलं." साठीच्या, ठसठशीत कुंकू लावलेल्या बाई काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून माझ्याकडे बघत होत्या. मागे दारात एक उंच, वाकलेले गृहस्थ बॅगा मोजत होते. "एकतीस वर्षं असल्याच काउंटरच्या त्या अंगाला बसले मी. स्टँडवर, चौकशीच्या खिडकीत. आता जरा या अंगाला उभं राहायची हौस फिटू दे."

रजिस्टरमध्ये त्यांनी नाव लिहिलं : सिंधू नागनाथ हिंगमिरे, बार्शी. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलीनं तीन दिवसांची खोली घेऊन दिली होती.

"ह्यांच्याशी बोलायचं तर ओरडून बोल हां. सूतगिरणीत कान गेलेत. मी काय बोलते तेही ह्यांना ऐकू येत नाही, म्हणून तर चाळीस वर्षं निभावली." मग मान मागे वळवून त्या खरोखरच ओरडल्या, "अहो, दोनच बॅगा आणल्यात! किती वेळा मोजताय?"

मी फळीवरून एकशे चौदाची किल्ली काढली. तळमजल्याची, पश्चिमेकडची, पडवीच्या अगदी टोकाची खोली. ती मीच निवडली. तिथे शांत वाटेल असं मला वाटलं.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. साताऱ्याला रसायनशास्त्र घेऊन मी बी.एस्सी. झाले होते. नोकरी लागेना, म्हणून हॉटेल व्यवस्थापनाची वर्षभराची पदविका धरली, आणि तिच्यातल्या सहा महिन्यांच्या उमेदवारीसाठी महाबळेश्वरच्या या हॉटेलात काउंटरवर येऊन उभी राहिले. चार महिने झाले होते. शेवटी मॅनेजर बावळेकर सरांनी 'काम समाधानकारक' असं लिहून दिलं तरच पदविका हातात पडणार होती. मोजायची खोड मात्र प्रयोगशाळेतली.

महाबळेश्वरात पावसाळ्याआधी घरांना कपडे घालतात. पाऊस तिथे वरून पडत नाही, आडवा येतो आणि भिंतीत घुसतो. म्हणून मे सरता सरता बांबूच्या चौकटीत गवत दाबून त्याच्या झडपा बांधायच्या आणि पश्चिमेच्या भिंती झाकून टाकायच्या, ही जुनी रीत. आमच्याकडे हे काम ढेबे मामांचं. नळ, दारं, बाग, छप्पर, सगळंच त्यांच्याकडे होतं. पण झडपांवर त्यांचा विशेष जीव. त्या वर्षी पुण्याहून मालकांचा फोन आला : गवत बंद. गवताला उंदीर लागतात, पाहुण्यांना वास येतो. प्लॅस्टिक लावा.

जाड प्लॅस्टिकला तिकडे सगळे कागदच म्हणतात. कागद किती लागेल ते मोजायचं काम सरांनी माझ्यावर टाकलं. "तू सायन्सची ना? मग नीट मोज. एकसंध पाहिजे. जोड आला की पाणी शिरलंच म्हणून समज."

टेपचं एक टोक मी धरलं, दुसरं मामांनी. एकेचाळीस मीटर लांब, साडेसहा मीटर उंच. खाली सात खोल्या, वर सात. पावसाळ्यात वीज दिवसदिवस जाते म्हणून प्रत्येक न्हाणीत गॅसचा गीझर होता, आणि प्रत्येक गीझरच्या वर भिंतीत काचेच्या आडव्या पट्ट्यांचा एक झरोका.

"सर," मामा शिडीवरून म्हणाले, "झरोक्यांपाशी भोकं पाडू का? गवतातनं हवा खेळायची. गवत श्वास घेतं. ह्यो कागद काय श्वास घेत न्हाई."

"भोकंच पाडायची तर कागद कशाला लावायचा, मामा? चाळणी टांगा की भिंतीवर."

मी हसले. गवत श्वास घेतं हे वाक्य मला गंमतशीर वाटलं होतं. चौदाही झरोके कागदाखाली गेले. एकही जोड आला नाही. सरांनी माझी पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी, चार जूनला, एकशे अकराचा नवरा सकाळी काउंटरवर येऊन तणतणला. दोघांचीही डोकी दुखत होती, बायकोला मळमळत होतं, आदल्या रात्रीच्या जेवणातच काहीतरी होतं म्हणे. सर घाबरले. जेवणाची तक्रार बाहेर गेली की हॉटेल बसतं. ते नुसतेच "बघतो साहेब, बघतो" करत होते. तेव्हा मी मध्ये पडले.

"सर, आपण समुद्रसपाटीपासून तेराशे बहात्तर मीटरवर आहात," मी त्या गृहस्थांना म्हटलं. "इथली हवा पंधरा टक्के विरळ आहे. पहिल्या दिवशी शरीराला प्राणवायू कमी पडतो, म्हणून डोकं दुखतं. आल्याचा चहा पाठवते. उद्यापर्यंत सरावेल."

गृहस्थ गप्प झाले. आकडा ऐकला की माणसं गप्प होतात. "असं आहे होय," म्हणाले आणि चहा सांगून गेले.

"वा!" सर म्हणाले. "हे कुठे होतं इतके दिवस?" दोन दिवसांत त्यांनी माझं ते बोलणं बाजारातून छापून आणलं. प्रत्येक खोलीत पलंगाशेजारी एक चकचकीत कार्ड उभं राहिलं : 'आपण १३७२ मीटर उंचीवर आहात. पहिल्या दिवशी थोडी डोकेदुखी स्वाभाविक आहे.' खाली हसरा सूर्य.

कार्डात खोटं असं काही नव्हतं. उंची बरोबर होती, पंधरा टक्केही बरोबर होते.

*

नऊ जूनला सकाळी अकरा वाजता सिंधूकाकू पडवीतून भिंत धरत धरत आल्या आणि दर्शनी दाराजवळच्या सोफ्यावर बसल्या. चेहरा उतरलेला.

"काय झालं, काकू?"

"डोक्यात कुणीतरी कांडप मांडलंय गं. आंघोळ करून आले नि सुरू झालं. ह्यांना तर उलटी झाली. इकडचं पाणी बाधलं का काय?"

मी काउंटरमागून पाण्याचा पेला घेऊन गेले. त्यांनी दोन घोट घेतले. मी म्हटलं, "पाणी नाही, काकू. उंची." आणि तेराशे बहात्तर, पंधरा टक्के, सगळं सांगितलं.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग पेला गुडघ्यावर ठेवून हसल्या.

"तुला एक सांगू? चौकशीच्या खिडकीत लोक यायचे, अमुक गाडी कधी म्हणून विचारायचे. आम्ही ठोकून द्यायचो : डेपोतून निघालीय. आम्हाला तरी कुठं ठाऊक असायचं? कधीकधी डेपोत गाडीच नसायची. पण माणूस कसा निवांत बाकावर जाऊन बसायचा. माणसाला गाडी नंतर, आधी उत्तर पाहिजे असतं." त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "तुझं हे उत्तर तसलं का खरं?"

"खरं आहे, काकू. मी रसायनशास्त्र शिकलेय."

"मग ठीक. शिकलेल्या माणसानं सांगितलं तर ऐकावं. मी तर ह्यांना म्हणत होते, आजच जाऊ परत."

"एक दिवस थांबा ना. उद्या अगदी बरं वाटेल. शरीर सरावतं." हे मी सरांसाठी म्हटलं नव्हतं. मला त्या आवडल्या होत्या.

त्या तासभर सोफ्यावरच बसल्या. दार उघडं होतं, पूर्वेकडून धुक्याचे लोट आत येत होते. त्यांनी माझ्या गावाची चौकशी केली, लग्नाचा विषय काढला, मी लाजले नाही म्हणून नाराज झाल्या. बारा वाजता उठल्या.

"गेलं की गं डोकं! उतरलं."

"बघा. सरावलं."

तक्रारीच्या रजिस्टरात मी लिहिलं : 'खोली ११४. डोकेदुखी, उलटी. कारण समजावून सांगितले. पाहुण्या एका तासात बऱ्या.' पुढे एक बरोबरची खूण केली.

ढेबे मामा शिडी घेऊन दारातून चालले होते. थांबून म्हणाले, "ताई, बावीस वर्सं झाली मला हितं. हवेनं डोकं दुखतंय म्हणून कुणी आलेलं मी बघितलं न्हाई. यंदाच काय हवा इरळ झाली?"

"आधी कुणी विचारलं नसेल, मामा. लोक आता जागरूक झालेत."

मामा वळले. शिडी खांद्यावर घेऊन गेले.

*

दहा जून. सकाळी सहालाच दोघं फिरायला बाहेर पडली होती. नऊ वीसला परत आली तेव्हा धुक्यानं केस भिजलेले, काकांच्या हातात जांभळांचा द्रोण. मी फळीवरून किल्ली काढून काकूंच्या हातात दिली. त्यांनी पिशवीतून एक पुडी काढून काउंटरवर ठेवली.

"शेंगाचटणी. घरची. हॉटेलचं खाऊन खाऊन तुझी जीभ मेली असेल. आणि बघ, आज डोकं कसं हलकं आहे! सरावलं बघ, तू म्हणालीस तसं."

"मी म्हटलं नव्हतं का!"

"आता कढत पाण्यानं आंघोळ. आधी ह्यांची, मग माझी. सव्वादहापर्यंत नाश्त्याला येतो. घावन आहे ना आज?"

"आहे. दोन जास्तीचे ठेवते."

"अहो, चला! आणि जांभळं मोजत बसू नका!"

त्या पडवीनं निघून गेल्या. निळ्या उजेडात त्यांची पिवळी साडी हिरवी दिसत होती. काका मागून. सर बाजारात गेले होते. काउंटरवर मी एकटीच.

पदविकेसाठी एक प्रकल्प अहवाल द्यायचा होता. मी विषय घेतला होता 'पाहुण्यांच्या तक्रारी : स्वरूप आणि निवारण'. साडेनऊला रजिस्टर उघडलं आणि कागदावर तक्ता आखायला घेतला. तारीख, खोली, तक्रार, वेळ. एप्रिलपासून सुरुवात केली. माकडं, टॉवेल, वीज, माकडं, खारट भात. डोकेदुखी नाही. मे : डोकेदुखी नाही. जून एक, दोन, तीन : नाही. चार जून : एकशे अकरा. पाच : दोनशे दहा. सहा : एकशे नऊ, एकशे बारा. सात : पुन्हा एकशे बारा. नऊ : एकशे चौदा.

खोल्यांचे आकडे मी एकाखाली एक लिहिले होते. पूर्वेच्या खोल्या एक ते सात, पश्चिमेच्या आठ ते चौदा. पूर्वेला त्या आठवड्यात आठ माणसं राहून गेली होती. त्यांतल्या एकाचंही डोकं दुखलं नव्हतं. पश्चिमेला अकरा माणसं होती. त्यांतल्या नऊ जणांचं दुखलं होतं. उंची दोन्ही अंगांची सारखीच, तेराशे बहात्तर मीटर.

वेळेचा रकाना भरायचा राहिला होता. तो भरला. सगळ्या तक्रारी सकाळच्या, आंघोळीनंतरच्या.

मी रजिस्टरातलं माझंच वाक्य पुन्हा वाचलं. 'पाहुण्या एका तासात बऱ्या.' तो तास त्या कुठे बसल्या होत्या? उघड्या दारात.

गॅस जळायला हवा लागते. कोंडलेल्या जागेत जळून जळून हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते आणि तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींनी घट्ट धरतो. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत हा प्रश्न चार गुणांना होता. मला चार मिळाले होते.

भिंतीवरच्या घड्याळात नऊ बावन्न झाले होते.

मी टेलिफोन उचलला आणि एकशे चौदाला लावला. चौदा वेळा वाजू दिला. कुणी घेतला नाही. पुन्हा लावला. काकांना ऐकू येत नाही, काकू आंघोळीत असणार. फोन न घेण्याचं कारण तर सरळ होतं.

पडवीच्या तोंडाशी जाऊन मी थांबले. पंधराच दिवसांपूर्वी एका नवविवाहित जोडप्याचं दार मी चुकीच्या वेळी वाजवलं होतं, आणि सरांनी सगळ्यांसमोर मला झापलं होतं. पुन्हा विचारल्याशिवाय कुणाचं दार ठोठावलंस तर त्याच दिवशी घरी जायचं, प्रमाणपत्र विसरायचं. मी परत काउंटरवर आले आणि सरांच्या मोबाइलवर फोन लावला. तिसऱ्या खेपेला लागला. मागे बाजाराचा गलका.

"सर, खोल्यांमध्ये विषारी वायू साठतोय. कागदामुळे. एकशे चौदामधून कुणी फोन घेत नाहीये."

"काय साठतंय? नीट बोल."

मी नीट बोलले. तक्ता वाचून दाखवला. आठापैकी शून्य, अकरापैकी नऊ.

"अगं, म्हातारा ठार बहिरा आहे. बाई आंघोळीला गेली असेल. फोन कोण घेणार? आणि तूच तर सांगत होतीस ना, उंचीमुळे होतं म्हणून?"

"हो, सर."

"मग? एका आठवड्यात विज्ञान बदललं होय? हे बघ, बाथरूममध्ये बाई असताना तू दार बडवायचं, सगळ्या हॉटेलात बोंब व्हायची. मी दहा मिनिटांत पोचतो. तोवर काही करू नकोस."

मी रिसीव्हर ठेवला. तक्त्याकडे पुन्हा पाहिलं. एकोणीसच माणसं. नमुना लहान होता. एवढ्याशा नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये असं आम्हाला शिकवलेलं. काकू तर सकाळी म्हणाल्याच होत्या, डोकं हलकं आहे. एकशे चौदाला आणखी एकदा फोन लावला. वाजताना मोजत राहिले. वीस. पडवीत कुणाची पावलं ऐकू येतात का म्हणून कान दिला. नाश्त्याच्या खोलीतून घावनाच्या तव्याचा चरचराट येत होता. बाकी सगळीकडे तो निळा उजेड, आणि वाऱ्यानं भिंतीवरचा कागद फुगून पुन्हा भिंतीला चिकटत होता.

दहा वाजले. दहा वाजून पाच. सर आले नाहीत. नंतर कळलं, धुक्यामुळे बाजारात गाड्या अडकल्या होत्या.

दहा वाजून आठ मिनिटांनी मी काउंटर सोडलं.

दारावर मूठ आपटली. "काकू! काकू, दार उघडा!" आतून पाणी पडल्याचा आवाज येत होता. सारखा, एकसुरी, अंगावर पडून फुटणारं पाणी नव्हे, सरळ फरशीवर पडणारं. जास्तीच्या किल्लीनं कुलूप फिरलं, पण आतून कडी होती.

मी बाहेर धावले. मामा मागच्या अंगाला हौदाशी होते. मला दोनच शब्द बोलता आले, "मामा, कागद." मामांनी काहीही विचारलं नाही. कमरेच्या आकडीतून कोयता काढला, एकशे चौदाच्या मागे जाऊन कागदावर उभा वार घातला, मग आडवा. कागद फाटल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. कोयत्याच्या मुठीनं त्यांनी झरोक्याच्या काचा फोडल्या. मी त्यांच्या खांद्यावर पाय देऊन आत बघितलं.

गीझरची ज्योत पिवळी होती. लांब, आळसावलेली, टोकाला काळी. काकू फरशीवर भिंतीला टेकून बसल्यासारख्या होत्या. नळ चालू होता.

"शिलिंडर बंद करतो," मामा खालून म्हणाले. "तू दार फोडायला माणसं बोलीव."

स्वयंपाकघरातल्या दोघांनी खांदा देऊन दार तोडलं. काका पलंगाशेजारी जमिनीवर पडले होते, अर्धा सदरा अंगात, हात न्हाणीच्या दाराकडे. उशाशी ते कार्ड उभं होतं, हसऱ्या सूर्याचं. मी श्वास कोंडून आत गेले, काकूंवर चादर टाकली, आणि आम्ही दोघांनाही ओढत पडवीच्या टोकाला उघड्यावर नेलं.

काकूंचे गाल गुलाबी होते. ओठही. इतक्या तरतरीत त्या तीन दिवसांत दिसल्या नव्हत्या. स्वयंपाकी म्हणाला, "बाईंना काही झालेलं नाही, रंग बघा केवढा!" तो रंग कशाचा ते मला ठाऊक होतं. मी त्यांच्या छातीवर दाब देत राहिले. मोजत राहिले. गाडी येईपर्यंत मोजत राहिले.

*

काका संध्याकाळी चार वाजता शुद्धीवर आले. ग्रामीण रुग्णालयाच्या त्या लांबट खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात त्यांनी विचारलं, "ही कुठाय?" डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. काकांना ऐकू जाईल असं उत्तर द्यायचं तर ओरडावं लागणार होतं. कुणीच ओरडलं नाही. काकांनी एकेकाचं तोंड बघितलं आणि मग भिंतीकडे वळून झोपले.

पाच वाजता हॉटेलवर पंचनामा झाला. हवालदारांना टेप हवी होती; मामांनी आणून दिली, कागद मोजला होता तीच. एक टोक मी धरलं, कारण दुसरं कुणी पुढे आलं नाही. न्हाणीची लांबी, रुंदी, झरोका. मग हवालदार म्हणाले, "काउंटर ते खोलीचं दार?"

"एकतीस मीटर वीस सेंटिमीटर," मी वाचलं.

त्यांनी लिहून घेतलं. "तुम्हाला संशय आला, मग लगेच खोलीकडे गेलात ना?"

"लगेच गेली, साहेब," बावळेकर सर मागून म्हणाले. "पोरगी हुशार आहे. तिच्यामुळे निदान एक जीव वाचला."

"नऊ बावन्नला कळलं," मी म्हटलं. "दहा वाजून आठ मिनिटांनी निघाले. उंचीनं डोकं दुखतं हे उत्तरही माझंच होतं. त्यानं दुखायला अडीच हजार मीटर लागतात. ते मला तेव्हाही माहीत होतं."

 हवालदारांनी पेन थांबवलं. वयस्क गृहस्थ होते, आवाज मऊ. "ताई, एवढं सगळं कागदावर मावत नाही. आमच्या लिहिण्यात 'ताबडतोब' असाच शब्द असतो." आणि त्यांनी तो लिहिला. मी खाली सही केली.

सगळे गेल्यावर मी काउंटरमागे उभी राहिले. एकशे चौदाचा खिळा रिकामा होता. चटणीची पुडी घंटीशेजारी होती तशीच होती. बाहेर मामा शिडीवर चढून एकेका झरोक्यावरचा कागद कापून काढत होते, आणि ज्या ज्या खोलीवरचा कागद निघत होता, तिथून पडवीत पांढऱ्या उजेडाची एकेक पट्टी पडत होती.

मनगटावरचं घड्याळ काढून मी हातात घेतलं. सेकंदकाटा बारावर येऊ दिला. मग काउंटरपासून एकशे चौदाच्या दारापर्यंत गेले. धावले नाही, नेहमीच्या चालीनं चालले.

सव्वीस सेकंद.